घटक ६ : जॉन पीटर ऑल्टगेल्ड – मजूर, मालमत्ताधारक, गव्हर्नर

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास
• ऑल्टगेल्ड यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील;
• स्थलांतरित माणसाच्या उत्कर्षामागील सामाजिक व आर्थिक कारणे स्पष्ट करता येतील;
• दया आणि न्याय या संकल्पनांतील भेद त्यांच्या एका निर्णयाच्या आधारे विशद करता येईल;
• अवतरणांचा आधार न घेता चरित्रलेखन कसे करता येते, याची जाणीव होईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दारिद्र्यातून वैभवाकडे गेलेल्या माणसाचे चरित्र आपण अनेकदा वाचतो. अशा चरित्रांची चौकट बहुधा ठरलेली असते. आरंभी हलाखी, मध्ये कष्ट आणि शेवटी संपत्ती, सत्ता व सन्मान. या चौकटीत न बसणारे एक चरित्र या घटकात आपण अभ्यासणार आहोत. जॉन पीटर ऑल्टगेल्ड हे जर्मनीत जन्मले, अमेरिकेत वाढले, शिकागो शहरात जमीन व इमारतींच्या व्यवसायात श्रीमंत झाले आणि इलिनॉय राज्याचे गव्हर्नर झाले. परंतु चरित्राची खरी कसोटी त्यांच्या चढत्या काळात नाही. मिळवलेले सर्व काही पणाला लावण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी काय केले, हा या चरित्राचा मुख्य प्रश्न आहे.

महाराष्ट्रात १ मे हा दिवस आपण दुहेरी अर्थाने पाळतो. १९६० साली याच दिवशी आपले राज्य अस्तित्वात आले, आणि हाच जागतिक कामगार दिनही आहे. कामगार दिनाचे मूळ शिकागोतील १८८६ च्या ज्या घटनांत आहे, त्यांच्याशी ऑल्टगेल्ड यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. म्हणून हे चरित्र दूरदेशीचे असले, तरी आपल्याला अगदी परके नाही.

६.२ बालपण आणि भटकंती

ऑल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी नासाऊ या जर्मन संस्थानातील नीडरझेल्टर्स या गावी झाला. ते अवघ्या काही महिन्यांचे असताना आईवडील अमेरिकेला निघाले आणि ओहायो राज्यात मॅन्सफिल्डच्या परिसरात स्थायिक झाले. जर्मन भाषेत या आडनावाचे दोन घटक 'जुना' आणि 'पैसा' असा अर्थ देतात. घरात मात्र जुना पैसाही नव्हता आणि नवाही नव्हता. वडील शेती करीत. मुलाने शेतावर राबावे, शाळेचे शिक्षण त्याला निरुपयोगी आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे बालपणी ऑल्टगेल्ड यांच्या वाट्याला शाळा फारच थोडी आली. घरातील भाषा जर्मन होती. इंग्रजी ही त्यांना कमवावी लागलेली भाषा होती आणि बोलण्यातील जर्मन वळण हा पुढे विरोधकांच्या चेष्टेचा विषय झाला.

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना १८६४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. व्हर्जिनियात त्यांना तापाने गाठले. त्या आजाराने त्यांच्या प्रकृतीवर कायमचा परिणाम केला. सैन्यातून परतल्यावर त्यांनी हट्टाने शिक्षण पुरे केले आणि काही काळ शिक्षकाची नोकरी केली. त्याच काळात एमा फोर्ड या तरुणीवर त्यांचे प्रेम जडले. निर्धन शेतकऱ्याच्या मुलाला आपली मुलगी देण्यास तिच्या वडिलांची तयारी नव्हती.

१८६९ च्या सुमारास ते पश्चिमेकडे निघाले. वाटेत मिळेल ते काम करीत, बराच प्रवास पायी करीत ते आर्कान्सापर्यंत गेले आणि रेल्वेमार्गाच्या बांधकामावर मजूर म्हणून राबले. तेथे पुन्हा तापाने आजारी पडल्यावर ते मिसूरी राज्यात आले. सवाना या लहान गावी त्यांनी शाळेत शिकवत कायद्याचा अभ्यास केला आणि वकिलीची सनद मिळवली. १८७४ साली ते अँड्र्यू काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. एका वर्षाच्या आतच ते पद सोडून १८७५ मध्ये त्यांनी शिकागो गाठले. त्या वेळी त्यांच्याजवळ सुमारे शंभर डॉलर होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेतमजुरी, सैन्य, शाळा, रेल्वेचे काम आणि वकिली या पाच क्षेत्रांचा अनुभव त्यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापूर्वीच घेतला होता. कष्टकरी माणसाचे जिणे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

६.३ शिकागो आणि संपत्ती

ऑल्टगेल्ड आले तेव्हाचे शिकागो कसे होते, हे समजल्याशिवाय त्यांची व्यावसायिक वाटचाल उमगणार नाही. १८७१ च्या भीषण आगीत शहराचा मध्यभाग भस्मसात झाला होता आणि त्या राखेतून नवे शहर उभे राहत होते. अनेक दिशांनी येणारे रेल्वेमार्ग येथे एकत्र येत. धान्य, लाकूड आणि मांस यांची ही मोठी बाजारपेठ होती. कामाच्या शोधात जर्मन, आयरिश, पोलिश, बोहेमियन व स्कॅन्डिनेव्हियन लोकांचे लोंढे येत होते. अशा शहरात जमिनीचे मोल सतत वाढत राहते. ज्याला कोणती वस्ती कोठे सरकणार याचा अंदाज येतो आणि ज्याच्यात कर्ज काढून वाट पाहण्याचे धैर्य असते, तो अल्पावधीत श्रीमंत होऊ शकतो.

ऑल्टगेल्ड यांना हा अंदाज होता. वकिलीतून साठवलेला पैसा त्यांनी जमिनीत घातला, त्यावर इमारती उभारल्या, त्या विकल्या आणि आलेला नफा पुन्हा नव्या जागेत गुंतवला. १८७७ साली त्यांनी एमा फोर्ड यांच्याशीच विवाह केला होता. एका दशकात ते शहरातील संपन्न गृहस्थांत गणले जाऊ लागले. १८९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत डिअरबॉर्न रस्त्यावर त्यांनी 'युनिटी बिल्डिंग' ही सोळा मजली इमारत उभी केली. त्या काळी गगनचुंबी इमारत ही कल्पनाच नवी होती. या वास्तूवर त्यांचा अतिशय जीव होता आणि आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी तिच्यात ओतला. रेल्वेच्या रुळांवर राबलेला मजूर शहराच्या मध्यभागी स्वतःची गगनचुंबी इमारत उभी करतो, येथपर्यंतची ही कथा ठरावीक चौकटीत नीट बसते.

६.४ लेखक आणि न्यायाधीश

संपत्ती वाढत असतानाच त्यांच्या विचारांची दिशा वेगळी होती, याचा पुरावा १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका छोट्या पुस्तकात मिळतो. दंडव्यवस्था आणि तिचे बळी हा त्याचा विषय. तुरुंगात जाणारे बहुसंख्य लोक गरीब का असतात, किरकोळ कारणांवरून पकडलेल्या माणसाला ही व्यवस्था सराईत गुन्हेगार कशी बनवते आणि अटकेगणिक शुल्क घेणारे अधिकारी अटका कशा वाढवतात, याची चिकित्सा त्यांनी तेथे केली. हे पुस्तक ओहायोतील क्लॅरेन्स डॅरो या तरुण वकिलाच्या वाचनात आले. पुढे शिकागोत येऊन डॅरो ऑल्टगेल्ड यांचे निकटचे सहकारी झाले आणि अमेरिकेतील अग्रगण्य बचाववकील म्हणून नावाजले गेले.

त्याच वर्षी ऑल्टगेल्ड यांनी राष्ट्रीय संसदेची निवडणूक लढवली व ते हरले. १८८६ मध्ये मात्र ते कुक काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. १८९१ मध्ये त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

६.५ हेमार्केट : पार्श्वभूमी

१ मे १८८६ रोजी आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकेत ठिकठिकाणी संप झाले. शिकागो हे त्या चळवळीचे मुख्य केंद्र होते. ३ मे रोजी मॅककॉर्मिक यांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकाजवळ सभा झाली. शहराचे महापौर स्वतः तेथे येऊन सभा शांततेत चालल्याचे पाहून गेले होते. पावसाच्या चिन्हांनी गर्दी ओसरली असताना पोलिसांची तुकडी सभा पांगवण्यास आली आणि कोणीतरी बॉम्ब फेकला. स्फोट व त्यानंतरचा गोळीबार यांत सात पोलीस आणि काही नागरिक मृत्युमुखी पडले. बॉम्ब फेकणारा कोण, हे कधीच सिद्ध झाले नाही.

तरीही आठ अराज्यवाद्यांवर खटला चालला. त्यांतील बहुतेक जर्मन स्थलांतरित होते. न्यायाधीश जोसेफ गॅरी यांच्यासमोर सात जणांना फाशीची आणि ऑस्कर नीब यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. सॅम्युएल फील्डन व मायकेल श्वाब यांची फाशी तत्कालीन गव्हर्नरांनी जन्मठेपेत बदलली. लुई लिंग यांनी कोठडीत आत्महत्या केली. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी पार्सन्स, स्पाइस, एंगेल आणि फिशर यांना फाशी देण्यात आली.

याच काळात आपल्याकडे काय घडत होते, हेही ध्यानात घ्या. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली होती. ती १८९० साली मान्य झाली. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाल्या. त्या समारंभासाठी अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे सुमारे तीन वर्षे तेथे राहिल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या पूर्वसूरींनी जी अमेरिका पाहिली, तिच्यातच हा संघर्ष चालला होता.

६.६ दया की न्याय

नोव्हेंबर १८९२ मध्ये ऑल्टगेल्ड डेमोक्रॅटिक पक्षातर्फे इलिनॉयचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. परदेशात जन्मलेले ते त्या राज्याचे पहिले गव्हर्नर. यादवी युद्धानंतर या पक्षाला हे पद प्रथमच मिळत होते. फील्डन, श्वाब आणि नीब अद्याप तुरुंगात होते. त्यांना सोडावे, असा अर्ज अनेक प्रतिष्ठित नागरिकांनी केला होता आणि त्यांत व्यापारी व पेढीवालेही होते. सहा वर्षांत लोकांचा संताप निवळला होता. हे तिघे पुरेशी शिक्षा भोगून चुकले आहेत, आता दया दाखवावी, असा त्या अर्जाचा सूर होता. गव्हर्नरांनी चार ओळींचा आदेश काढून त्यांना सोडले असते, तर बहुधा फारसे वादळ उठले नसते.

या ठिकाणी आपण शब्दांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. मराठीत आपण क्षमा, माफी, दया आणि सुटका हे शब्द बरेचदा एकमेकांऐवजी वापरतो. परंतु क्षमा ही अपराध्याला केली जाते. ज्याचा अपराधच सिद्ध झालेला नाही, त्याला क्षमा करणे म्हणजे त्याच्यावरचा दोष दुसऱ्यांदा पक्का करणे होय. ऑल्टगेल्ड यांनी खटल्याची कागदपत्रे तपासताना हाच प्रश्न स्वतःपुढे ठेवला. हे तिघे दोषी असतील, तर त्यांना सोडण्याचे कारण नाही आणि दोषी नसतील, तर दयेची भाषा अप्रस्तुत आहे.

२६ जून १८९३ रोजी त्यांनी तिघांनाही बिनशर्त मुक्त केले आणि सोबत एक दीर्घ निवेदन प्रसिद्ध केले. त्यातील मुद्दे असे होते. पंचांची निवड पक्षपाताने झाली होती. आपले मन आधीच कलुषित आहे हे मान्य करणाऱ्यांनाही पंच म्हणून बसवले गेले. बॉम्ब फेकणाराच अज्ञात असल्यामुळे आरोपींच्या शब्दांचा त्याच्या कृतीशी संबंध सिद्ध होत नव्हता. नीब यांच्याविरुद्ध तर खटला उभाच राहत नव्हता. आणि न्यायाधीशांनी निःपक्षपातीपणा सोडला होता. निवेदनाचा अटळ अर्थ असा, की फाशी गेलेल्या चौघांनाही राज्याने अन्यायाने मारले होते.

हे बोलणे समाजाला मानवले नाही. देशभरातील वृत्तपत्रांनी त्यांना अराज्यवाद्यांचा पाठीराखा ठरवले. ते अमेरिकन नाहीतच, हा आरोप वारंवार झाला. ज्या शहरात त्यांनी इमारती उभारल्या, त्या शहरात त्यांच्या जन्मस्थानाची आठवण एकाएकी सर्वांना झाली. स्थलांतरिताला मिळालेला स्वीकार किती सशर्त असतो, हे येथे दिसून येते. तो यशस्वी आहे तोवर तो देशाच्या औदार्याचा पुरावा असतो. तो देशाच्या न्यायव्यवस्थेची चूक दाखवू लागला की परका ठरतो.

६.७ कारखाने, रेल्वे आणि मक्तेदारी

गव्हर्नर म्हणून त्यांचे कार्य एवढ्या एका निर्णयापुरते मर्यादित नाही. १८९३ मध्येच इलिनॉयमध्ये कारखान्यांविषयीचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी आणि स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ही त्याची मुख्य कलमे. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी फ्लॉरेन्स केली यांची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून नेमणूक केली. एवढ्या जबाबदारीच्या पदावर स्त्रीची नेमणूक होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. आठ तासांचे कलम १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले, तरी निरीक्षणाची पद्धत रुजली. इलिनॉय विद्यापीठाला त्यांनी मिळवून दिलेले वाढीव अनुदानही महत्त्वाचे आहे. तेथील एका भव्य वास्तूला आज त्यांचे नाव आहे.

१८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने वेतन घटवले. परंतु कामगार ज्या कंपनीच्या घरांत राहत, त्यांचे भाडे कमी केले नाही. संप झाला, आणि युजीन डेब्स यांच्या रेल्वे कामगार संघटनेने पाठिंबा दिल्यामुळे तो अनेक राज्यांत पसरला. जुलैच्या आरंभी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी शिकागोत संघराज्याचे सैन्य पाठवले. ऑल्टगेल्ड यांनी त्यास तारेने कडक हरकत घेतली. राज्यसरकारने मागणी केलेली नाही, सुव्यवस्था राखण्यास राज्याचे दल समर्थ आहे, तेव्हा हे सैन्य घटनाबाह्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जेथे खरोखर दंगा झाला, तेथे त्यांनी स्वतः राज्याचे दल पाठवले होते, हे टीकाकार विसरले. राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे होते, हेही आपण विसरू नये. संप मोडल्यावर ते पुलमन वसाहतीत गेले, उपाशी कुटुंबे पाहिली आणि कंपनीच्या मालकांकडे साहाय्य मागितले. ते न मिळाल्यामुळे त्यांनी जनतेला मदतीचे आवाहन केले.

१८९५ मध्ये शिकागोतील ट्रामव्यवसायाचे सम्राट चार्ल्स यर्क्स यांना दीर्घ मुदतीची मक्तेदारी देणारी विधेयके विधिमंडळाने संमत केली. ऑल्टगेल्ड यांनी ती नकाराधिकार वापरून परत पाठवली. त्या सुमारास त्यांची स्वतःची आर्थिक स्थिती ढासळत होती. १८९३ च्या मंदीने जागांचे भाव कोसळले होते आणि युनिटी बिल्डिंगवरील कर्जाचा भार असह्य होत होता. धनिकांशी जुळवून घेण्याची गरज त्यांना कधी नव्हे एवढी त्या वेळी होती. त्यांनी तसे केले नाही.

६.८ अखेरची वर्षे

१८९६ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात पक्षाचे धोरण ठरवणाऱ्या नेत्यांत ऑल्टगेल्ड अग्रभागी होते. परंतु परदेशात जन्मलेल्या नागरिकाला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, या घटनेतील तरतुदीमुळे त्यांची मजल तेथेच संपत होती. उमेदवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना मिळाली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ब्रायनही हरले आणि गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे राहिलेले ऑल्टगेल्डही हरले. युनिटी बिल्डिंग त्यांच्या हातून गेली. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाच्या निवडणुकीतही त्यांना अपयश आले. उपजीविकेसाठी ते डॅरो यांच्याबरोबर पुन्हा वकिली करू लागले.

मार्च १९०२ मध्ये जोलिएट येथे दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या बाजूने भाषण केल्यानंतर ते कोसळले आणि १२ मार्च रोजी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी निधन पावले. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेल्या त्यांच्या पार्थिवाच्या दर्शनासाठी हजारो सामान्य लोक रांगेने आले. अंत्यसंस्कारप्रसंगी डॅरो आणि समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांची भाषणे झाली. १९१५ मध्ये लिंकन पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

६.९ समारोप

या चरित्राचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावीत. ऑल्टगेल्ड हे निःस्वार्थ संत नव्हते. त्यांना संपत्ती हवी होती आणि सत्तेचीही तीव्र आकांक्षा होती. हेमार्केटचा खटला चालला, त्या काळात त्यांनी जाहीर विरोध केल्याचे दिसत नाही. दुसरीकडे, ते भावनेच्या भरात वाहून गेलेले राजकारणीही नव्हते. त्यांचा निर्णय कागदपत्रांच्या काटेकोर वाचनातून आला होता आणि त्याची किंमत काय पडेल, हे त्यांना ठाऊक होते. इमारत, पद आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वकष्टाने मिळवल्या होत्या. त्या तिन्ही गेल्या. निवेदन मात्र राहिले, आणि हेमार्केट खटल्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही ते बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही.

स्वाध्याय

१. ऑल्टगेल्ड यांच्या व्यावसायिक उत्कर्षास शिकागो शहराची कोणती परिस्थिती पोषक ठरली?
२. दया आणि न्याय यांतील भेद १८९३ च्या निर्णयाच्या आधारे स्पष्ट करा.
३. स्थलांतरिताचा स्वीकार सशर्त असतो, या विधानाची चर्चा आपल्या परिसरातील स्थलांतरितांच्या अनुभवांच्या संदर्भात करा.
४. आपल्या परिचयाच्या एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र अवतरणे न वापरता सुमारे ३०० शब्दांत लिहा.